कुंपणावरचा दुपट्टा

ज्या माणसाविषयी मी हे लिहिते आहे, तो आज हयात असेल तर म्हातारा झाला असेल, आणि त्याचे गुडघे दुखत असतील अशी माझी आशा आहे. वय वाढलं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. मी तो निवू दिला नाही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट आहे. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते आणि मूल या तालुक्याच्या गावापुढे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावाहून रोज एसटीने जाऊन-येऊन करायची. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा जंगलात चौकीदार होते, नुकतेच रिटायर झाले होते. अंगाने काटक, बोलायला मोजके. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि त्या मानाचं कारण आमच्या कुंपणावर टांगलेलं असायचं.

ते कारण म्हणजे दुपट्टा. आमच्याकडे पुरुषमाणसं उन्हाळ्यात डोक्याला बांधतात तो साधा, पातळ, सुती दुपट्टा. एप्रिल उजाडला की बाबा रोज सकाळी साडेआठच्या सुमारास तो विहिरीच्या पाण्यात बुडवत, एकदाच पिळत आणि कुंपणावर पसरत. मग खाटेवर बसून खर्रा घोटायला घेत. सुपारी, तंबाखू, चुना तळहाताखाली घोटून एकजीव करायचा, हे आमच्या भागातल्या माणसाचं सकाळचं सगळ्यात मोठं काम. खर्रा घोटून होईपर्यंत दुपट्टा ओला राहिला तर जंगलात जायला हरकत नाही. तेवढ्यात सुकला तर जायचं नाही, मग कितीही निकड असो. दोनदा पिळायचा नाही, न पिळता टाकायचा नाही. एकदाच. बाबांचा सगळा कायदा एवढाच होता.

हा कायदा आमच्यापुरता नव्हता. तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामात गावच्या बाया पहाटे जंगलात जाऊन पानांचं पहिलं ओझं आणत, आणि दुसऱ्या खेपेला जायचं की घरी बसायचं, हे आमच्या कुंपणाकडे बघून ठरवत. कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. ओझं उतरवायचं, मान वळवून बघायचं, आणि निघायचं किंवा सावलीत बसायचं.

आता तो माणूस. आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायची, आणि इथेही सरच म्हणते, कारण नाव लिहून त्यांना मोठं करायची माझी इच्छा नाही. बाहेरून बदलून आलेले. विद्यार्थ्यांना घेऊन रविवारी जंगलात पायी फिरायला जायचा त्यांना भारी नाद. गळ्यात कॅमेरा, पायात जाड बूट, तोंडात सतत उपदेश. आमच्या गावापासून तीनेक कोसांवर जंगलात दगडी पाळीचा एक जुना तलाव आहे. तिथे जायचं तर वाट बाबांनाच ठाऊक, म्हणून मीच मोठ्या हौसेने सरांना आमच्या घरी आणलं होतं. तो मूर्खपणा माझा. तो मी कुणावर ढकलत नाही.

दोन-तीन हिवाळी फेऱ्या छान झाल्या. मग एका मे महिन्यात सर सात-आठ मुलामुलींना घेऊन आले. बाबांनी दुपट्टा टाकला, खर्रा घोटायला घेतला. अर्धा घोटून झाला नव्हता तोच दुपट्टा वाऱ्यावर फडफडायला लागला, कोरडा ठाक.

बाबा म्हणाले, "आज नाई जमत सर. दुपट्टा सुकला."

सर हसले. मुलंही हसली, कारण सर हसले. "काका, विसाव्या शतकात आहोत आपण. फडक्यावरून हवामान ठरवायचं?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून प्रयोगशाळेतलं थर्मामीटर काढलं आणि आमच्या छपरीतल्या खुंटीला अडकवलं. त्या खुंटीखालीच आमचा माठ होता, ओल्या पोत्यात गुंडाळलेला. घरातली सगळ्यात गार जागा! पाच मिनिटांनी त्यांनी पारा वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चौतीस. चौतिसाला घाबरायचं?"

माठाचं माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मी रोज त्या माठातलं पाणी पीत होते, रोज ते पोतं भिजवत होते, आणि तरी त्या चौतीसवर विश्वास ठेवला, कारण तो आकडा प्राध्यापकाने वाचला होता. बाबा तरीही हलले नाहीत. तेव्हा सर मुलांकडे वळून म्हणाले, "रिटायर झाला की माणूस असा आळसावतो बघा."

बाबांनी खर्रा तसाच पुडीत बांधला, पाण्याचा भोपळा खांद्याला अडकवला आणि चालायला लागले. जन्मभर उन्हातान्हात जंगल राखलेल्या माणसाला आळशी म्हटलेलं ऐकून घ्यायला मी तिथे उभी होते. आणि मी गप्प बसले. सरांच्या शिफारशीवर माझी नोकरी कायम व्हायची होती.

मी घरीच राहिले; पुढचं मुलींनी नंतर सांगितलं. तलावात पाण्याचा टिपूस नव्हता. तरी सर साडेबारापर्यंत तिथे तडकलेल्या चिखलाचे फोटो काढत बसले. येताना दोन मुली रडकुंडीला आल्या, तेव्हा बाबांनी भोपळ्यातलं पाणी त्यांना दिलं आणि मागे राहून त्यांना चालवत आणलं. सर पुढे होते. गाव अर्धा मैलावर राहिलं असताना एका मोहाच्या झाडाखाली बाबा बसले, आणि मग आडवे झाले. मुली पळत आमच्या घरी आल्या. मी पोचले तेव्हा बाबांचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं, घामाचा थेंब नव्हता, आणि ते मला आई म्हणून हाक मारत होते.

ओल्या चादरीत गुंडाळून बैलगाडीने आम्ही त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण डोक्यात ऊन गेलं ते गेलंच. जीभ जड झाली, एकेक शब्द ओढून आणावा लागे. चालताना तोल जाई, आणि हात असे कापत की पेला तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडे.

सर दवाखान्यात एकदा आले. मोसंबी घेऊन आले होते. मी ती मोसंबी म्हशीला घातली.

इथवरचं मी कदाचित पोटात घातलं असतं. ऊन आहे, माणूस चुकतो. पण दिवाळीच्या आधी कॉलेजचा वार्षिक अंक छापून आला आणि शिक्के मारायला माझ्याच टेबलावर आला. त्यात सरांचा लेख होता. शेवटी एक ओळ होती: वाटाड्या वयोवृद्ध असल्यामुळे मोहीम आटोपती घ्यावी लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी पाजून मागे राहिलेला माणूस वयोवृद्ध, आणि पुढे पळालेला मोहिमेचा नेता! ती ओळ मी किती वेळा वाचली याला गणती नाही. त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

संधी त्यांनीच दिली. झाल्या प्रकारामुळे प्राचार्यांनी नियम केला होता, की आमच्या बाजूच्या जंगलात मुलांना न्यायचं तर आधी बाबांची लेखी संमती आणावी. बाबांचे हात कापत, म्हणून ती चिठ्ठी मी लिहायची, आणि उन्हाळ्यात रोजचा दुपट्टाही मीच टाकायची. माझी नोकरी तोवर कायम झाली होती. फेब्रुवारीत सर आले तेव्हा बाबा आत झोपलेले होते. मी दुपट्टा बुडवला आणि पिळला. परत पिळला. मनगटं दुखेपर्यंत पिळला आणि वाऱ्याच्या तोंडावर टाकला.

"सुकला सर," मी म्हणाले. "आज नाही जमत."

फेब्रुवारीत! बाहेर पिवळंधमक, गोड ऊन पडलं होतं. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी तो पोटभर बघितला. पुढची दोन वर्षं मी त्यांना त्या वाटेवर पाऊल टाकू दिलं नाही. उन्हाळ्यात खरं सांगून, एरवी खोटं सांगून. मुलं कंटाळली, त्यांचं रविवारच्या फिरण्याचं मंडळ मोडलं. स्टाफरूममध्ये त्यांची टर उडायला लागली हे मला कळलं, तेव्हा मी घरी गोड शिरा केला. बाबांनी विचारलं, "आज... काय हाय?" मी म्हटलं, काही नाही, असंच.

तेंदूपत्त्याच्या हंगामाबाहेर कुंपणाकडे गावातलं कुणी बघत नसे, म्हणून हे खपलं.

तिसऱ्या मे महिन्यात एका सकाळी सर एकटेच आले. त्यांची बदली झाली होती, जाण्याआधी तलाव एकदा बघायचा होता. बाबा दारातच खाटेवर बसले होते. सरांनी त्यांना नमस्कार केला, पण कसे आहात एवढं विचारलं नाही. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "चला, विचारा तुमच्या फडक्याला. या वेळी ते म्हणेल तसं."

वारा तेव्हाच चटके देत होता. मी विहिरीवर गेले. दुपट्टा बुडवला. आणि पिळलाच नाही. दुहेरी घडी घालून, पाणी निथळत असताना तसाच कुंपणावर टाकला. मला नीट ठाऊक होतं मी काय करते आहे. बाबा मान खाली घालून, थरथरत्या हाताने खर्रा घोटत होते. त्यांचा घोटून झाला तेव्हा दुपट्ट्यातून अजून थेंब पडत होते.

"ओला आहे सर. जा तुम्ही."

ते गेले. वाट त्यांना आधीच्या फेऱ्यांमुळे ठाऊक होती. टोपी, कॅमेरा, एक पाण्याची बाटली. त्यांची पाठ वळणावर दिसेनाशी झाली आणि मला इतका आनंद झाला की मी दाराची चौकट धरून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, आनंदच होता तो.

तेवढ्यात शेजारची मावशी जंगलातून आली. माझी आई गेल्यावर हिनेच मला न्हाऊमाखू घातलं होतं. तिने डोक्यावरचं पानांचं ओझं उतरवलं, मान वळवून आमच्या कुंपणाकडे बघितलं, ओंजळभर पाणी प्यायली आणि ओझं बांधायचं फडकं परत खांद्यावर टाकून निघाली.

मला कळायला दोन क्षण लागले. मग मी अनवाणी धावले.

"मावशी, थांब! नको जाऊस!"

"काऊन वो? दुपट्टा तं ओला हाय."

"मी पिळला नाई तो."

"पिळला नाई?" तिला समजेना. "काऊन बाप्पा?"

मी मागे वळून बघितलं तर बाबा खाटेवरून उठून कुंपणाला धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दुपट्ट्याची ओली घडी त्यांनी बोटाने उलगडली.

"सरायले... परत आन," ते म्हणाले.

"बाबा, मी नाई जाणार त्याच्यासाठी."

"तूच... जाशीन."

मी गेले. त्या उन्हात, त्या माणसाच्या मागे, ज्याचं वाईट व्हावं म्हणून मी तीन वर्षं झुरले होते. ते त्याच मोहाच्या झाडाखाली टोपीने वारा घेत थांबले होते. अर्धी बाटली संपली होती.

"परत चला," मी म्हणाले. "दुपट्टा सुकणार होता. मी खोटं बोलले."

त्यांनी टोपीने वारा घेणं थांबवलं. "का पण?"

"तुम्ही लिहिलेल्या त्या ओळीसाठी."

"कोणती ओळ?"

मी त्यांचा चेहरा नीट बघितला. ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आणि आपण कोणत्या झाडाखाली उभे आहोत, हेही.

आम्ही परत आलो. आमच्या माठातलं पाणी ते दोन तांबे प्यायले, दुपारच्या एसटीने गेले आणि पुन्हा कधी दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी दुपट्टा घ्यायला गेले तर तो खुंटीवर नव्हता. बाबा भिंतीला धरून विहिरीवर गेले होते. कापऱ्या हातांनी त्यांनी तो बुडवला, एक टोक काठावरच्या दगडाखाली दाबलं आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी पिरगाळून कसाबसा पिळला. एकदा. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवली.

त्यानंतर नऊ उन्हाळे बाबा जगले. दुपट्टा त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिला नाही.