अळूच्या भाजीची डीव्हीडी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आख्खी नोकरी काढली. आमच्याकडे रिझल्ट तीनदा जुळला तरच सही. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी घड्याळ बघायचो, आणि सांगणाऱ्याला दिसेल असं बघायचो. या ग्रुपवरसुद्धा मी दोन वर्षं फक्त लोकांच्या चुका काढायला येत होतो, जुने मेंबर कबूल करतील. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त पूर्ण वाचून झाल्यावर.

पंधरा-सोळा वर्षं झाली. बडोद्यात कारेलीबागेत आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात मी, वैशाली म्हणजे माझी बायको, आणि आई. हॉलमध्ये टीव्ही आणि खिडकीखाली कॉम्प्युटर. केबलची वायर गॅलरीतून आत यायची, तिला स्प्लिटर लावून एक फाटा टीव्हीला आणि दुसरा कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या टीव्ही ट्यूनर कार्डाला. मला त्या काळी एकच नाद... केबलवरचा कार्यक्रम हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करायचा, जाहिराती कापायच्या, डीव्हीडी बर्न करायची, वर मार्करने नाव घालायचं. शंभरावर डिस्क झाल्या होत्या. वैशाली विचारायची, "अहो, हे सगळं बघणार कधी?" मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर. रिटायर झालो, एकही बघितली नाही, ते सोडा.

आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक लोकल चॅनल होतं. देवळातल्या आरत्या, नवरात्रातले गरबे, दुपारी बायकांचा रसोईचा कार्यक्रम. त्या रसोईच्या कार्यक्रमात श्रावणात आईला बोलावलं. गुजराती घरांमधून अळूच्या पानांची पातरां, म्हणजे आपल्या अळूवड्या होतात, पण आपली अळूची पातळ भाजी तिथे कुणाला ठाऊक नव्हती. आई शाळेतून रिटायर झालेली, बोलायला पहिल्यापासून खमकी. घरात तिचा एक कायदा होता — उंबऱ्याच्या आत मराठीच बोलायचं. शाळेतून येताना माझ्या तोंडून चुकून "चालो" निघालं तरी ती परत दाराबाहेर उभं करायची. पण चॅनलवर गेली आणि काय फर्डं गुजराती बोलली! सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने अळूचं आणखी काही होतं का विचारलं, "काकी, पातरां सिवाय आनुं बीजुं कंई बने?" तर आई म्हणाली, "बने ने, जुओ तो खरां!"

मी टायमर लावून तो कार्यक्रम रेकॉर्ड केला आणि रविवारी जाहिराती कापायला बसलो. डाळ शिजेपर्यंत वेळ काढायचा म्हणून आईने मध्ये माझी गोष्ट सांगितली होती... "मारो शिरीष" आठवीपर्यंत आईच्या हातानेच जेवायचा, आई माहेरी गेली की शिरीष उपाशी, शिरीषला अळूची भाजी वाडग्याने लागायची. शिरीष म्हणजे मीच. तीन मिनिटं चाळीस सेकंद हेच. तेव्हा मी डिपार्टमेंटचा इन्चार्ज, आणि कारखान्यातल्या दोघांनी डीव्हीडी मागितली होती. म्हटलं, उद्यापासून कॅन्टीनमध्ये मला कोण भरवतंय ते बघायला लोक जमतील. जाहिरातींबरोबर तेवढाही भाग कापला. बावीस मिनिटांचा स्वच्छ कार्यक्रम झाला. चार डिस्क काढल्या — एक घरी, एक नाशिकला धाकट्या बहिणीला, माधवीला, दोन कारखान्यात. हार्ड डिस्क भरत आली होती म्हणून मूळ रेकॉर्डिंग डिलीट केलं. आईने डिस्क बघितली. "माझं बोलणं जरा कमी वाटतंय रे," म्हणाली. मी म्हटलं, चॅनलवाल्यांनी कापलं असेल.

उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण बंद झालं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, शब्द सापडत नाहीत. बोलत राहा त्यांच्याशी, ओळखीचं काहीतरी ऐकवा. कधी हळूहळू येतं, कधी नाही. जी बाई सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला गप्प बसवायची, ती पाणी हवं असलं तर डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करायची. मला ते बघवायचं नाही. मी मोठी रजा टाकली आणि घरी बसलो.

ऐकवायचं काय, तर मला तिचीच डिस्क सुचली. रोज दुपारी चार वाजता चहा झाला की टीव्हीखालच्या प्लेअरवर लावायची. आई टक लावून बघायची.

नवव्या दिवशी मी तिला मऊ भात भरवत होतो. अचानक स्पष्ट, अगदी शाळेतल्या आवाजात आई म्हणाली, "हवे गॅस धीमो करी दो."

माझ्या हातातून चमचा पडला. वैशाली स्वयंपाकघरातून धावत आली, तिने खरंच जाऊन गॅस बारीक केला. आम्ही दोघं रडलो, हसलो, मी माधवीला फोन केला. घरात गुजराती बोलली म्हणून आता आईला दाराबाहेर उभं करायला हवं, अशी चेष्टासुद्धा केली.

त्या दुपारी चारला डिस्क लावली. "हवे गॅस धीमो करी दो" ची जागा आली... आणि आवाज आला नाही. आईचे ओठ हलताना दिसले. कढईतल्या फोडणीची चर्रचर्र होती, त्या मुलीचं "हां काकी" होतं. मधलं आईचं वाक्य तेवढं नव्हतं.

मला वाटलं डिस्कवर चरा पडला. चरा पडला तर चित्रही अडकतं, हे माहीत असून वाटलं. पण दोन दिवसांनी आई म्हणाली, "हाथे तेल लगाववुं, नहीं तो खंजवाळ आवे." हाताला तेल लावा, नाहीतर खाज येते, असं. त्या दुपारी डिस्कवरून तेही गेलं होतं. मग "मीठुं ओछुं लागे छे?", म्हणजे मीठ कमी लागतंय का, हेही गेलं. मी वही केली. आईने वाक्य कधी म्हटलं, डिस्कवर ते कितव्या मिनिटाला होतं, त्या दिवशी वाजलं की नाही. एकदाही चुकलं नाही. आधी आईच्या तोंडी यायचं, मग डिस्कवरून जायचं.

इथे टेक्निकल मंडळी आहेत म्हणून सांगतो. कार्यक्रमाचा आवाज एकाच ट्रॅकवर असतो. फोडणी, ती मुलगी, आई — सगळं एकत्र. त्यातून एका माणसाचं एकच वाक्य उचलून काढायचं आणि मागची फोडणी तशीच ठेवायची, हे माझ्या त्या कॉम्प्युटरला सात जन्मांत जमलं नसतं. शेवटी माधवीला फोन करून तिची डिस्क लावायला सांगितली. तिने ती दिवाळीनंतर कपाटातून काढलीही नव्हती. फोन टीव्हीजवळ धरून ती म्हणाली, "दादा, इथे आई नुसते ओठ हलवतेय रे. माझ्याकडे खराब कॉपी दिलीस का?"

तिच्या डिस्कवरून तीच वाक्यं गेली होती जी माझ्या वहीत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला घरात भीती वाटली.

पण खरं सांगू? भीती दोन दिवस टिकली. कारण आई बोलत होती. तिला जे मिळालं होतं त्यावर ती संसार चालवत होती. चहा फिका असला तर "मीठुं ओछुं लागे छे?" पाहुणे आले की "जरा चाखी जुओ ने." मलासुद्धा तेच... मी घास पुढे केला की माझा हात माझ्याच तोंडाकडे वळवून म्हणायची, "जरा चाखी जुओ ने." स्वतःच्या मुलाला अहो-जाहो. टीव्हीवर बघणाऱ्यांशी बोलतात तसं.

एका रविवारी माधवीचा फोन आला. मी आईच्या कानाला लावला. आई म्हणाली, "मारी दीकरी माधवीने आ बहु भावे." माझ्या लेकीला, माधवीला हे फार आवडतं, असं. पलीकडे माधवी हुंदके देऊन रडायला लागली. "दादा, माझं नाव घेतलं आईने." मीही म्हटलं, हो गं, छान झालं. आणि फोन ठेवल्यावर मला लख्ख कळलं की माझं नाव येणार नाही. ते त्या डिस्कवर नाहीच. मी स्वतः माऊसने सिलेक्ट करून कापलं होतं.

मग मी जे केलं त्याला वेड म्हणा. हार्ड डिस्कवरून डिलीट झालेलं परत काढायचं सॉफ्टवेअर आणलं. तीन दिवस चालवलं. एक फाईल मिळाली, तारीख बरोबर, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. मग केबलवाल्याचं ऑफिस गाठलं, पाणीगेटजवळ एका दुकानाच्या माळ्यावर. त्याने कपाट उघडून कॅसेट दाखवली. "ए कॅसेट उपर तो गरबा लेवाई गया, भाई," म्हणाला. नवरात्रात टेप कमी पडल्या होत्या. माझं तोंड बघून बिचाऱ्याने वर आईला परत बोलावलं, दुसऱ्या पदार्थासाठी, "काकीने कहो ने, फरी आवे. बीजी आयटम करीशुं."

घरी आलो आणि आईसमोर खुर्चीत बसून लहान मुलाला शिकवतात तसं म्हटलं, "आई, शिरीष. म्हण. शि-री-ष." तिने माझ्याकडे बघितलं. ओठ जुळवले, परत सोडले. खूप प्रयत्न केला तिने, कपाळाला घाम आला. मग डाव्या हाताने माझा गाल थोपटला. मी दुसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही. मी तिला सांगितलं, आई, तुझं बोलणं चॅनलवाल्यांनी नव्हतं कापलं, मी कापलं. तिला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.

होळीपर्यंत डिस्क जवळजवळ मुकी झाली. आईचं एकच वाक्य उरलं होतं, अगदी शेवटचं. कार्यक्रम संपताना हात जोडून ती म्हणते, "चालो, तो हुं रजा लउं." चला, मी रजा घेते, असं.

ते वाक्य उरलंय हे वहीत बघितलं त्या दुपारी मी प्लेअर बंद केला आणि डिस्क कपाटात ठेवली. पुन्हा लावला नाही. चार वाजले की आई टीव्हीकडे बोट करायची. मी सांगायचो, आज लाईट नाही. आज केबल बंद आहे. डोक्यावर पंखा फिरत असायचा आणि मी सांगायचो लाईट नाही. वैशाली एकदा चिडून म्हणाली, "अहो, त्यांचं आहे ते. त्यांचं त्यांना द्या." मी तिला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. एरवी मी तिच्याशी असा बोलत नाही.

यानंतर आई चौदा महिने होती. बोट करणं तिने मध्येच कधीतरी सोडून दिलं.

शेवटी एका दुपारी, साडेतीनच्या सुमारास, मी भरवत असताना तिने घास गिळला नाही. माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले, बराच वेळ हलले, चांगलं मोठं काहीतरी म्हणत असल्यासारखे. आवाज आला नाही. डिस्कवर दिसायचं हुबेहूब तसं. मग मान कलली.

तेराव्यानंतर मी डिस्क एकदाच लावली. बावीस मिनिटं आई नुसते ओठ हलवते, फोडणी वाजते, ती मुलगी हसते. शेवटी आई हात जोडते आणि खणखणीत आवाजात म्हणते, "चालो, तो हुं रजा लउं." ते तिथेच होतं. मीच ठेवून घेतलं होतं.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. डॉक्टरांना वही दाखवली, ते म्हणाले पाठ झालेली वाक्यं अशी कधी कधी परत येतात. डिस्कचं विचारल्यावर ते माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागले. कारखान्यातल्या दोघांनी आपापल्या डिस्क केव्हाच हरवल्या. माधवीने तिची पुन्हा लावली नाही. डिस्क वाजवणारा प्लेअरही आता घरात नाही. आमच्या डिस्कवर आईची ती एक ओळ अजून आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर लिहा, मी चुका काढणार नाही. मला एवढंच कळलंय की शेवटच्या क्षणी आई काहीतरी म्हणत होती, आणि ते जर रजा घेणं असेल, तर त्याचा आवाज माझ्या कपाटात होता.