हेडगुरुजींचे ‘करून दाखवील’

‘समजेल’ हा शब्द टाचणवहीत दिसला, की आमचे हेडगुरुजी विंचू दिसल्यासारखे चप्पल शोधत.

घाटंजीच्या शाळेत मी तेव्हा नवा मास्तर, अजून कायम न झालेला. रोजच्या पाठाचे टाचण त्यांना दाखवून सही घ्यावी लागे. पहिल्याच टाचणात मी झोकात उद्दिष्ट लिहिले : ‘मुलांच्या मनात निसर्गप्रेम जागृत होईल.’

“जागं झालं हे तुमी कसं वळखसान? जांभई देते काय ते?” त्यांनी चष्म्यावरून विचारले. “पोरगं काय करून दाखवीन ते लिवा. मनातलं म्हनसान, तर माह्या बायकोच्या मनातलंबी मले समजत नाही.”

पुढे मला कायम करायचे की घरी धाडायचे, हे ठरवायला तपासणीस साहेब आले. शेर जाऊन किलो नुकताच बाजारात आला होता. मी लिहिले : ‘तास संपल्यावर प्रत्येक मूल एक किलो तूर तोलून दाखवील.’ हेडगुरुजींनी खुशीत सही केली. मी मात्र एक पाप केले. चुणचुणीत गजाननाला आदल्या दिवशीच गुपचूप तोलायला शिकवून ठेवले. बाकीच्यांनी फक्त माझे तोलणे पाहायचे!

तास काय रंगला म्हणता! आठवडी बाजारातला दुकानदारच संचारला होता माझ्यात. साहेब मान डोलवत होते. शेवटी मी ऐटीत पुकारा केला, “गजानन, ये रे!”

“गजानन कायले?” मागून हेडगुरुजी. “सखू, तू ये वं माय.”

सखूने एका पारड्यात माप ठेवले, दुसऱ्यात ओंजळभर तूर टाकली आणि तराजू जमिनीवरून न उचलताच म्हणाली, “झालं, गुरुजी!”

वर्ग हसला. साहेबांनी पेनचे टोपण काढले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

“थांबा साहेब,” हेडगुरुजी म्हणाले. “मास्तरनं तराजू हातातून सोडलाच नाही, पोरीचा काय दोष? पन उद्दिष्ट पाहा त्याइचं. चांगलं लिवलं, म्हून तर फसलेलं दिसलं. ‘समजेल’ लिवनाऱ्याचं कधी फसतच नाही. उद्या एक डाव अजून पाहा.”

साहेब हसले आणि मुक्कामी राहिले. दुसऱ्या दिवशी मी हात पाठीमागे बांधून उभा. चाळीसांपैकी एकतीस पोरांनी बरोबर तोलले. सखूने तर हौसेने दोनदा. मी कायम झालो.

पंधरा दिवसांत हेडगुरुजींची झरीच्या शाळेत बदली झाली. मोटारस्टँडवर मला हुंदका आवरेना. ते खिडकीतून वाकले.

“रडता काहून मास्तर? जा शाळेत. नऊ पोरं बाकी हायेत अजून.”