घाण्याच्या तेलावरचं डिझेल

माझ्या रेल्वेला ‘खेळण्यातली आगगाडी’ म्हणणाऱ्या माणसाशी मी पुन्हा नीट बोलत नाही. धाकट्या भावाशी माझं बिनसलं ते तिथूनच.

दिवेआगरला आमच्या घराच्या वाडीकडच्या अंगाला एक लांब खोली आहे. पूर्वी तिथे सुपारीची पोती असायची. नोकरी संपवून गावी परतलो तेव्हा ती खोली मी मागून घेतली आणि भिंतींना धरून कमरेइतक्या उंचीवर फळ्या ठोकल्या. त्यांवर रूळ, बोगदा, खाडीवरचा पूल, कौलारू स्टेशन, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. मागच्या भिंतीवर डोंगर आणि खाडी रंगवली, तीही स्वतःच्या हाताने. आमच्या गावाला रेल्वे आली नाही. माणगावला उतरायचं आणि एसटीची वाट बघत बसायचं, एवढाच आमचा रेल्वेशी संबंध. म्हणून मी ती घरातच आणली. भावाने आपल्या होमस्टेच्या जाहिरातीत लिहून टाकलं, ‘मुलांसाठी टॉय ट्रेन’. पुढच्याच आठवड्यात एका पाहुण्याने खाडीवरच्या पुलावर चहाचा कप ठेवला. मी त्याला असं काही बोललो, की ते कुटुंब जेवायच्या आधीच निघून गेलं.

मी नोकरी केली ती डिझेल शेडमध्ये, स्टोअरच्या खिडकीत. इंजिनं दुरुस्तीला यायची, मी सुटे भाग मोजून द्यायचो. हात काळे झाले नाहीत, पण कान तयार झाले. आता त्या कानांचा उपयोग एवढाच, की मॉडेल रेल्वेच्या हौशी लोकांची एक वेबसाइट आहे, तिच्यावर मी नव्या डिझेल इंजिनांची परीक्षणं लिहितो. लोक मला घाबरतात, आणि ते मला आवडतं. रंगाची रेघ वाकडी असेल तर मी वाकडी लिहितो. ‘प्रयत्न स्तुत्य आहे’ हे वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही. स्तुत्य प्रयत्न करून बनवलेलं भंगार हे भंगारच असतं.

भावाचं मात्र खरंच वाईट चाललं होतं. वादळात आमची वाडी झोपली. सुपारीची झाडं तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी पडली होती. नवी रोपं लावली, पण सुपारी धरायला वर्षं जातात, तोवर पोट होमस्टेवर. आणि पाहुण्यांना हवी एसी खोली, वाडीकडे तोंड असलेली. घरात तशी खोली एकच, माझी. तो वरचेवर दारात येऊन उभा राहायचा आणि भिंतीकडे बघायचा. एसी कुठे बसेल ते तो मनातल्या मनात मापत होता, हे मला कळत होतं. डोक्यात तिडीक जायची. घर दोघांचं होतं, त्यामुळे त्याला हाकलताही येत नव्हतं.

मग पुण्याहून त्या कारखानदाराचा फोन आला. कारखाना कसला, गॅरेजात चार यंत्रं टाकून तो मॉडेल बनवायचा, पण बोलणं असं की जणू सगळी रेल्वे तोच चालवतो. त्याने आपलं नवं डिझेल इंजिन माझ्याकडे परीक्षणासाठी पाठवायचं ठरवलं होतं. शिवाय त्याच्या मंडळातल्या हौशी लोकांना दर हिवाळ्यात कुठेतरी जमायचं होतं, जिथे रुळांची अशी मोठी मांडणी असेल आणि राहायची सोय असेल. आमच्याकडे दोन्ही होतं. फोन स्पीकरवर होता आणि भाऊ दारातच होता. त्याचा चेहरा असा उजळला, की मला त्याचा रागच आला. फोन ठेवताना तो पुण्याचा माणूस म्हणाला, “परीक्षण तेवढं जरा सांभाळून लिहा, काका.”

काका म्हणे!

कुरिअरवाला दिवेआगरला यायचा कंटाळा करतो, म्हणून भाऊ स्वतः श्रीवर्धनला जाऊन खोकं घेऊन आला. एरवी माझं पार्सल तो हातात धरत नाही. रात्रीच्या जेवणाला त्याने मला सुरमईचा मधला तुकडा वाढायला लावला. “दादा,” तो म्हणाला, “जमलं ना, तर तुझी खोली तुलाच ऱ्हाते. दर वर्षी मंडळी येतील, सगळ्या खोल्या भरतील. मला एसी बिसी काय नको. फक्त गोडीत लिही. तुझ्या बापाचं काय जातंय?”

“माझा बाप तोच तुझा बाप,” मी म्हणालो. वाढत असलेल्या त्याच्या बायकोला फिस्सकन हसू आलं. भावाला आलं नाही.

सकाळी खोकं उघडलं. दिसायला इंजिन झकास होतं, हे मी दात-ओठ खात मान्य केलं. लांब नाकाड, त्याच्या बाजूच्या झडपा, चढायच्या पायऱ्या, केसाएवढ्या तारेचे कठडे, निळ्या रंगावरचा फिकट पट्टा एका रेषेत. मग भिंग लावलं. केबिनमधला ड्रायव्हर गुलाबी गालांचा आणि परदेशी टोपीचा होता. कुठल्यातरी विलायती संचातून उचललेला. आपल्या मे महिन्यात त्या केबिनमध्ये तो अर्धा तास टिकला नसता. हे मी लिहून घेतलं. पुढचे बफर, धक्का झेलणाऱ्या त्या दोन गोल चकत्या, एकमेकांच्या पातळीत नव्हते, तेही लिहिलं. मग इंजिन रुळावर ठेवलं आणि वीज दिली.

घरघर. आतल्या गिअरचे दात एकमेकांवर घासत होते. वेग वाढवला की घरघर वाढायची आणि पुलावर सगळं इंजिन थरथरायचं. या आवाजाचा अर्थ एकच होता: एका वर्षात दात झिजून इंजिन बंद. लोक असल्या इंजिनासाठी महिनोन् महिने पैसे साठवतात. मी पानभर लिहिलं आणि भावाला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं का? छे, मुद्दाम दाखवलं.

तो ऐकत उभा राहिला. “एवढा आवाज हाय?” त्याने विचारलं.

“ऐक की. कान आहेत ना तुला?”

“आणि आवाज न्हाय आला, तर?”

“तर चांगलं लिहीन. आवाज इंजिनात आहे, मी पदरचा घातलेला नाही.”

आमच्याकडे कुठलीही वस्तू कुरकुरली की तिला खोबरेल तेल घालतात. झोपाळ्याच्या कड्या, दाराच्या बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, अडकित्ता, सायकलची साखळी. वाडीतलं खोबरं, गावातला घाणा, तेलाला तोटा नाही. कुणी विचार करत नाही, हात आपोआप बाटलीकडे जातो. माझ्या खोलीत मात्र त्या बाटलीला बंदी होती. मॉडेलला वीज मिळते ती रुळांतून, चाकांच्या वाटे. रुळावर तेलाचा हात फिरला की वीज तुटते. हे मी भावाला कितीदा सांगितलं होतं, आणि त्याने ते कानामागे टाकलं होतं.

पौषातल्या शनिवारी पुण्याचा माणूस आला, घाट उतरून, माणगावच्या वाटेने. सोबत मंडळातले दोघे. समुद्र बघायलाही गेले नाहीत, सरळ माझ्या खोलीत. त्याने मोबाइल तीन पायांच्या स्टँडवर लावला आणि म्हणाला, “काका, आपण परीक्षण थेट चित्रित करू.” मी इंजिन रुळावर ठेवलं आणि वीज दिली.

इंजिन लोण्यावरून सुरी जावी तसं गेलं. बोगद्यातून बाहेर आलं, पुलावर चढलं, स्टेशन ओलांडलं. आवाज नाही. मंडळातले दोघे खूश होऊन एकमेकांकडे बघत होते. दाराशी भाऊ हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

“बोला काका,” पुण्याचा म्हणाला, “आवाज येतोय का?”

तेवढ्यात इंजिन माझ्या नाकासमोरून गेलं, आणि मला वास आला. ताज्या घाण्याच्या तेलाचा, आमच्या स्वयंपाकघराचा वास. मी भावाकडे बघितलं. त्याने अगदी हळू मान हलवली. नको बोलूस, असं.

खरं सांगतो, मला त्या क्षणी त्याची दया आली नाही. माझ्या बंदीच्या खोलीत बाटली घेऊन घुसला, माझे रूळ बरबटले, आणि वर माझ्याच तोंडून खोटं वदवून घ्यायला निघाला, याने माझ्या अंगाची लाही झाली. खोली राहणार होती, हेही मला त्या वेळी ठाऊक होतं. एक ‘नाही’ म्हणायचं होतं.

“आवाज आहे,” मी मोबाइलकडे बघून म्हणालो. “खोबरेल तेलाने दाबलाय. हा माझा भाऊ, हा त्याचा उद्योग. थंडीत हे तेल गोठतं. उद्या सकाळी हे इंजिन चालवून बघा.”

भावाची बायको चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आली होती, ती तशीच मागे फिरली. भाऊ तिच्यामागून गेला. रात्री पाहुण्यांना वाढताना तो माझ्या ताटापाशी थांबला नाही.

सकाळी आमच्या घरात थंडीच्या दिवसांत तेलाची बाटली ओट्यावर उन्हात ठेवतात, पांढरं झालेलं तेल पातळ व्हायला. ती बाटली तिथे होती, आणि खोलीत इंजिन गुं-गुं करत जागच्या जागी उभं होतं. चाकांवर मेणासारखा पांढरा थर. इंजिनाने आदल्या दिवशी तेल सगळ्या रुळांना फासलं होतं, त्यामुळे माझी बाकीची इंजिनंही हलेनात. पुण्याचा माणूस लालबुंद झाला. आधी भावाला बोलला, मग मला. गिअरचं काय, असं मी विचारल्यावर त्याने खोकं उचललं आणि नाश्ता न करता गेला. मंडळ त्या वर्षी दुसरीकडे जमलं. माझं परीक्षण मी छापलं, गुलाबी ड्रायव्हरसकट.

भाऊ भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “तुझं खरं झालं. आता खोली मोकळी कर.”

मी केली. बोगद्याचा डोंगर करवतीने कापला, रूळ उपसले, पूल पेटीत घातला. मदतीला आलेल्या त्याच्या बायकोला मी हाकलून दिलं. इंजिनं माझ्या खाटेखाली गेली. भिंतीवरचा डोंगर आणि खाडी तेवढी भावाने तशीच ठेवली, पाहुण्यांना बरी वाटते म्हणून. त्या खाडीच्या बरोबर वर एसी बसवला. मी त्या खोलीत पुढचं वर्षभर पाय टाकला नाही. आम्ही बोलायचो ते त्याच्या बायकोच्या मार्फत, आणि तेही मिठाएवढं.

गेल्या डिसेंबरात तो मोबाइल घेऊन माझ्या दारात आला. कुणा पाहुण्याने त्या खोलीचं परीक्षण लिहिलं होतं. भावाने ते मला वाचून दाखवलं. खोलीत एसीची घरघर, झोप लागत नाही. खोबरेल तेलाचा विचित्र वास येतो. दोन तारे.

“एसीला पण घातलंस?” मी विचारलं.

“कुरकुरत होता,” तो म्हणाला. “पण एवढं लिहायची काय गरज होती? जेवले, हसले, फोटो काढले. तोंडावर एक शब्द न्हाय.”

मला बरं वाटलं. लपवून काय करू? वर्षभर मी या दिवसाची वाट बघत होतो. एक झणझणीत वाक्य जिभेवर तयार होतं. पण तो वळला आणि म्हणाला, “तू ये, तू ऐक. तुला कळतं.” तो पुढे, मी मागे. त्याने दार उघडलं, एसी लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याचे केस बरेच पिकले होते. खचलेला माणूस दिसतो तसा दिसत होता, दोन ताऱ्यांनी.

“येतोय का आवाज?”

येत होता. पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. माझ्या रंगवलेल्या खाडीवर एसी चांगला घरघरत होता.

“न्हाय,” मी म्हणालो. “मला तरी न्हाय येत.”

मग त्याने एसी बंद केला.

“त्या दिवशी पण एवढंच बोलायचं होतं ना, दादा,” तो म्हणाला, आणि पाहुण्यांच्या चादरी उन्हातून काढायला निघून गेला.