साळवे सरांचे सात धातू

वर्गात शिरताच साळवे सर हजेरीआधी फळ्यावर एक वर्तुळ काढायचे, मधोमध टिंब द्यायचे आणि खेकसायचे, "काय हाय हे?" कुणी 'डोळा' म्हटलं की संपलंच. "डोळा तुझ्या आज्याचा! सोनं हाय. किमयागारांची जुनी खूण."

ऐंशीच्या दशकात भोकरदन तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. मी मुख्याध्यापक. मला हा माणूस सहन होत नसे.

"रविवारचं सोनं, सोमवारची चांदी, मंगळवारचं लोखंड," असं ते पोरांकडून घोकून घेत. किमयागारांनी एकेक धातू एकेका ग्रहाला वाटून दिला होता आणि ग्रहाचीच खूण धातूला लावली होती. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो, "तांब्याची खूण म्हणजे शुक्रदेवतेचा आरसा. मी वाचलंय."

"आरसा न्हाई न् कंगवा न्हाई, साहेब. शुक्राच्या ग्रीक नावाचं पयलं अक्षर घाईत खरडलंय कुणीतरी. बिलकुल साधी गोष्ट. पन लोकांला गूढ लागतं. मुख्याध्यापकांला सुद्धा."

सगळे हसले. मी ते मनात ठेवलं.

त्या उन्हाळ्यात पाटलांच्या दोन म्हशी एकाच दुपारी तडफडून मेल्या. सरांनी प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर त्या खुणा रंगवल्या होत्या. गावाला करणी सापडली. गर्दी शाळेत घुसली. पाटलांनी एक बाटली माझ्यापुढे धरली.

"हेडमास्तर, तुमी शिकलेले. काय लिवलंय हे?"

"शिशाची खूण हाय ती," सर मधेच बोलले. "शनीची."

"आयका! शनी सोडला यानं म्हशीवर!"

सर माझ्याकडे वळले. "सांगा ना साहेब. तुमाला म्हाइत हाय."

मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. मी यांना कितीदा बजावलं होतं."

बजावलं कधीच नव्हतं. सरांना शाळेच्या ओट्यावरून खाली ओढलं, शेजारच्याच त्यांच्या खोलीतून धावत आलेल्या बायकोसमोर मारलं. संध्याकाळच्या आत त्यांचं बिऱ्हाड टेंपोत चढलं होतं.

पुढे एकदा बदनापूर स्टेशनवर ते दिसले. मी जवळ जाऊन हात जोडले.

"इथं कशाला? इथं कोन वळखतं मला? गावात जा. पाटलासमोर, पारावर बोला."

"बोलतो," म्हणालो. बोललो नाही. आता पाटील नाहीत, सरही नाहीत. म्हणून इथे लिहितो. साळवे सरांनी कुणावर करणी केली नाही. म्हशी ज्वारीचे कोवळे, विषारी फुटवे खाऊन मेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी मला ते सांगितलं तेव्हा टेंपो अजून शाळेसमोरच उभा होता.