आकारामतात्यांचं सहावं उत्तर

शिराळ्याचे आकारामतात्या फौजेतून हवालदार होऊन आले, पण तोंडाने अगदी गरीब. उभ्या जन्मात त्यांनी कशाला वाईट म्हटलेलं नाही. न्हाव्याने एका बाजूची मिशी जास्त उडवली तरी "झकास झालंय गड्या," आणि पंगतीत बासुंदी करपली तरी "वास लय भारी." त्यांच्या बनुबाई म्हणायच्या, "मला बघाय आले तवाबी पसंतच म्हणाले. दुसरं काय म्हणाय येतंय ह्यास्नी?"

नाद एकच, भजनाचा. अंबाबाईच्या देवळातली सोळा वर्षांची भजनं, कीर्तनं, काकड आरत्या त्यांनी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. साताऱ्यातल्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ स्टुडिओतून आणलेला कॉम्प्युटर, त्यात चार जुन्या डिस्का आणि त्या चारींना जोडणारं त्याहूनही जुनं कार्ड. सिस्टीम घालून दिली होती सांगलीच्या वरदने. वरद तात्यांच्या फौजेतल्या साहेबांचा मुलगा. त्यामुळे तो तिशीचा असला तरी तात्यांच्या लेखी वरदराव.

एका गुरुवारी सिस्टीमची नवी आवृत्ती आली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण चारी डिस्का गायब. जुनी आवृत्ती लावली की पुन्हा हजर. तात्यांनी सांगलीला फोन लावला. "वरदराव, समदं झकास चाललंय. फक्त डिस्का तेवढ्या दिसत न्हाईत."

वरद फोनवरच उठून उभा राहिला असावा. सिस्टीमच्या गाभ्याला म्हणतात कर्नल. त्यात डिस्कांशी बोलणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. जगभरची माणसं त्यात बदल करत असतात, आणि अशाच कुठल्यातरी बदलाने चालती गोष्ट बंद पाडली होती. शिवाय हे जुनं कार्ड आता वापरतं कोण, असं म्हणून कर्नल सांभाळणारी वरची मंडळी तो ड्रायव्हरच काढून टाकायच्या बेतात होती. रविवारी पुढची आवृत्ती निघणार. तोवर दुरुस्ती गेली नाही, तर ड्रायव्हर कायमचा जाणार, आणि तात्यांची भजनं जुन्या सिस्टीमवर अडकून पडणार.

"जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या मधे दोनशे बदल झालेत, तात्या," वरद म्हणाला. "मी मधोमधची आवृत्ती पाठवतो. तुम्ही चालवून फक्त चांगली की वाईट ते सांगा. चांगली असेल तर दोष पुढच्या शंभरात, वाईट असेल तर मागच्या. असं अर्ध्याचं अर्धं करत आठ उत्तरांत चोर सापडतो. पण एक जरी उत्तर चुकलं तर सगळं चुकलं."

पहिलीच आवृत्ती बंद निघाली. तात्या म्हणाले, "तशी बरी हाय, पर..."

बनुबाईंनी फोन ओढला. "बंद हाय! वाईट लिवा."

पाच उत्तरं अशी जोडीने गेली. सहाव्या वेळी बनुबाई हळदीकुंकवाला गेल्या होत्या. आवृत्ती पाठवताना वरद सहज बोलून गेला, "यातला शेवटचा बदल माझाच आहे. त्या पेढ्यांचा!"

जगाच्या कर्नलमध्ये वरदचा पहिलाच बदल घेतला गेला, तेव्हा त्याने कंदी पेढे वाटले होते. तात्यांनी चार खाल्ले होते. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. डिस्का नाहीत. देवाचं नाव घेऊन तीनदा बंद-चालू केला. नाहीतच.

"आल्या, आल्या," तात्या फोनवर म्हणाले. "तुमचं काम म्हणल्यावर काय इचारता."

पुढची दोन उत्तरं तात्यांनी प्रामाणिकपणे दिली, आणि चोर सापडला. फिनलंडच्या एका गृहस्थाने स्वतःचा ईमेलचा पत्ता बदलून लिहिला होता, तोच तो बदल. वरदने घाईघाईने सगळ्या जगासमोर त्याला पत्र धाडलं की, तुमच्यामुळे आमच्या डिस्का बंद पडल्या. उत्तर सभ्य होतं. "मी फक्त नोकरी बदलली. त्याने भारतातल्या डिस्का कशा थांबतील?"

शनिवारी वरद पेठनाक्यावर गाडी बदलून थेट शिराळ्याला आला. चेहरा उतरलेला. तात्या मारुतीला तेल घालून नुकतेच परतले होते, पण तेल घालतानाही त्यांची नजर वर उठली नव्हती. वरदने पिशवी खाली ठेवायच्या आतच ते म्हणाले, "वरदराव, सहावं उत्तर मी खोटं बोललो."

"का पण?"

"तुमचं हाय म्हणाला. पेढं खाल्लेल्या तोंडानं वाईट कसं म्हणायचं?"

"आवं, काय माणूस हाय का कोण!" बनुबाई कडाडल्या. "मानापायी त्या पोराचं नाक जगात कापलं की!"

वरदने डोकं धरलं. मग स्वतःचा बदल उघडून बघितला. डिस्का जाग्या होईपर्यंत ड्रायव्हर काही सेकंद थांबायचा. ते थांबणं फुकटचं समजून त्यानेच काढून टाकलं होतं. नव्या डिस्का लगेच उठतात. तात्यांच्या डिस्का एकीमागून एक, कण्हत उठायच्या.

"चार म्हाताऱ्यास्नी एकदम हाक मारून कुणी उठतंय व्हय?" बनुबाई पोहे पुढे ठेवत म्हणाल्या.

वरदने फिनलंडला माफी लिहिली, चूक माझीच आहे असं सगळ्यांसमोर कबूल केलं आणि या कार्डापुरतं पाच सेकंदांचं थांबणं परत घातलं. तात्यांनी मशीन सुरू केलं. एक डिस्क आली, दुसरी आली, तिसरी आली. वरद आशेने तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. तात्यांच्या कपाळावर घाम आला.

"वाईट," तात्या म्हणाले.

"अहो, तीन आल्या की!"

"चौथी न्हाई. वाईट म्हंजे वाईट."

बनुबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला.

पाचाचे आठ सेकंद केले. चारी आल्या. दहा वेळा बंद-चालू केलं, दहाही वेळा आल्या. वरदने दुरुस्ती पाठवली. तिच्याखाली, प्रत्यक्ष चालवून पाहणारा म्हणून आकारामतात्यांचं नाव घातलं. वरच्या मंडळींचं उत्तर संध्याकाळी आलं. वापरणारा माणूस आहे तर ड्रायव्हर राहू दे.

रविवारी आवृत्ती निघाली. वरदचा सांगलीहून फोन आला. "तात्या, कशी आहे?"

"थांबा."

"चालतेय ना?"

"थांबा म्हणतो न्हवं वरदराव. सोळा वर्सांचं भजन हाय. समदं ऐकून सांगतो."

आणि फोन चालूच ठेवून त्यांनी पहिली काकड आरती लावली.