अनुमोदक: रुद्रप्पा, मुक्काम चौसाळा

चौसाळ्यात रुद्रप्पाचं पेंडीचं दुकान आहे. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि कोपऱ्यात दावी, कासरे, घुंगरं. दुष्काळात ढोरं छावणीत गेली, छावणीवाल्यांनी पेंड परस्पर बाहेरून आणली, आणि रुद्रप्पाकडे गिऱ्हाइकांच्या नावानं बोंब झाली. पण तसंही त्याला दुकानदार म्हणून कोण ओळखतं? तो ओळखला जातो अनुमोदक म्हणून.

आता हे काय काम असतं, ते सांगतो. सहकारी संस्थेच्या सभेत कुठलाही ठराव करायचा तर एकानं तो मांडायचा, तो सूचक. दुसऱ्यानं उठून 'अनुमोदन आहे' म्हणायचं, तो अनुमोदक. सूचक व्हायला थोडीफार जमीन तरी लागते, नाहीतर साहेबांशी सोयरीक. अनुमोदकाला नुसता आवाज लागतो. आणि रुद्रप्पाचा आवाज असा, की त्यानं दुकानातून हाक मारली तर हायवेवरची निघालेली एसटी थांबायची. त्यामुळे सोसायटी असो, दूध संघ असो, पतसंस्था असो, नाहीतर बँक, अनुमोदक म्हणून नाव एकच. चेअरमन बदलले, पक्ष बदलले, रुद्रप्पा कायम राहिला.

वार्षिक सभेची आमच्याकडची रीत ठरलेली होती. सभा मंगल कार्यालयात भरायची. दिलेल्या वेळेला कुणीच यायचं नाही, मग गणसंख्येअभावी सभा तहकूब, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू. तोवर मागच्या अंगाला बुंदी पडायला लागलेली असायची. लग्नात पुढच्या घरची घाई असलेला भटजी जसा मंत्र म्हणतो, तसा सचिव त्रिंबक अहवाल वाचायचा. एक विषय संपला की तो खोकायचा. खोकला ऐकला की रुद्रप्पा उठून गर्जायचा, "अनुमोदन आहे!" आणि तो आवाज आला की सगळं कार्यालय एका सुरात "मंजूर, मंजूर!" म्हणायचं. बाहेर तंबाखू मळत उभे असलेलेसुद्धा तिथूनच मंजूर करायचे. एका वर्षी त्रिंबकला खरोखरचा खोकला झाला होता. त्या सभेत श्रद्धांजलीचा ठराव चार वेळा मंजूर झाला.

मी एकदा त्याला विचारलं, "आप्पा, कशाला अनुमोदन दिलं, ते ठावं तरी हाय का?"

"मोठ्या मान्सानं मांडलंय म्हंजी इचार करूनच मांडलं आसंल की," तो म्हणाला. "आपुन कावून डोकं चालवायचं?"

माझा संताप व्हायचा. पण खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. पहिल्या रांगेतली खुर्ची, चेअरमनच्या शेजारचं पान, आणि 'आप्पांशिवाय सभा न्हाई' हे एक वाक्य, एवढ्यावर तो खूश होता. आमच्या पुढाऱ्यांना इतका स्वस्त माणूस दुसरा मिळाला नाही.

अशाच एका सभेत, खोकल्यावर खोकला चालू असताना, आमदार अर्जुनरावांच्या दूध भुकटीच्या प्रकल्पाला बँकेचं कर्ज मंजूर झालं. बँकेचं नाव घेत नाही. नाव देवाचं होतं, देवाची बदनामी नको. ज्या भागात गायीला प्यायला पाणी टँकरनं येतं, तिथं दुधाची भुकटी करायची होती. कारखाना उभा राहिला, फीत कापली, फोटो निघाले. भुकटी काही आम्ही पाहिली नाही. हप्ता बँकेनंही पाहिला नाही. त्या एका कर्जानं बँक बसली, वरून निर्बंध आले आणि दाराला कुलूप लागलं.

त्या कुलपाच्या आत दानम्माचे पैसे होते. दानम्मा रुद्रप्पाची बायको. ती शेंगांची चटणी आणि कडक भाकरी करून मांजरसुंब्याच्या ढाब्यांना पुरवायची. चटणी तिची आणि नाव ढाब्याचं, याचा तिला लई राग. मांजरसुंब्याच्या चौकातच वच्छलाबाईंचा एक गाळा विकायला होता. तो घ्यायचा, पाटीवर आपलं नाव लावायचं, आणि ढाबेवाल्यांच्या नाकावर टिच्चून चटणी विकायची, एवढं एकच तिच्या मनात होतं. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं तिनं बँकेत ठेवलं, कारण नवरा म्हणाला होता, "आपलीच बँक हाय, मी सोता अनुमोदन देतो तिथं." वच्छलाबाई भली बाई. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली.

अशात सरकारनं विधानसभेत एक विधेयक आणलं. बँकांची बुडीत कर्जं ताब्यात घ्यायला एक महामंडळ निघणार होतं. महामंडळ कर्जबुडव्याची गहाण मालमत्ता विकणार आणि त्यातून आधी छोट्या ठेवीदारांचे पैसे देणार. अर्जुनराव तेव्हा विरोधी पक्षात होते. ते भडकले. "गोरगरिबांच्या बँका सरकारच्या घशात घालायचा डाव हाय!" गावोगाव सभा घेऊन त्यांनी घसा बसवून घेतला. महामंडळ आलं तर सगळ्यात आधी भुकटीचा कारखाना लिलावात जाणार होता, एवढी बारीकशी गोष्ट तेवढी भाषणात राहून जायची.

साहेबांना विधानसभेच्या गॅलरीत बसवायला पीडित ठेवीदार हवे होते. त्यांनी गाडी भरली. त्यात मी होतो, आणि पहिल्या सीटवर रुद्रप्पा. निघताना दानम्मानं त्याला गाठलं.

"ज्यानं बुडवलं, त्याच्याच गाडीत बसून कुठं निघालात?"

"महामंडळ हाणून पाडायला. सायेब म्हनले, ते हटलं की बँक उघडती."

"आन् महामंडळ आलं तर माझे पैसे मिळतेत का न्हाई? एवढं इचारून या. इसरू नका."

रुद्रप्पा इचारायला विसरला. मुंबईत पोचेपर्यंत साहेबांनी त्याला तीनदा चहा पाजला होता, मग कुठलं आठवतंय!

गॅलरीत शिपायानं बजावलं: बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. खाली अर्जुनराव उभे राहिले. काय बोलले! दुष्काळ बोलले, आई बोलले, काळी माती बोलले. मग बोट वर करून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, तिथं बसलेल्या त्या रुद्रप्पाच्या डोळ्यांत बघा!" रुद्रप्पाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. साहेबांच्या तोंडी आपलं नाव आल्याचा आनंद त्याला आवरत नव्हता. शेवटी साहेबांनी मागणी केली, की ठेवीदारांची सभा बोलावून मंजुरी घेतल्याशिवाय महामंडळानं कुठल्याही मोठ्या कर्जदाराशी तडजोड करू नये. मंत्र्यांनी उदारपणे ती मान्य केली. बाकं वाजली.

मग मतदान. अध्यक्ष भराभर वाचू लागले. वाचायची ढब हुबेहूब आमच्या त्रिंबकची. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे..." आणि नेमक्या त्याच वेळी पुढच्या बाकावरचे कुणी वयस्कर सदस्य खोकले.

रुद्रप्पा ताडकन उठला. "अनुमोदन आहे! मंजूर!"

सभागृहाचं छत हाललं असेल. सत्ताधारी बाकं पोट धरधरून हसली. मार्शलनी त्याला उचलून बाहेर नेलं. विधेयक तसंही संमत होणारच होतं, बहुमत त्यांचंच होतं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'पीडित ठेवीदाराचाच महामंडळाला पाठिंबा'. त्या दिवशी सभागृहाबाहेर अर्जुनराव दातओठ खात उभे होते.

"काय बे, कुनाकडून आलास तू?"

"सायेब," रुद्रप्पा रडकुंडीला आला होता, "खोकला आलता."

परतीच्या गाडीत त्याला कुणी चहा विचारला नाही. घरी मात्र उलटंच झालं. दानम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "जलमात एकदा तरी नीट जागी बोललात," म्हणाली. कारखाना विकला जाणार, पैसे सुटणार, हे तिला कळलं होतं. ती मांजरसुंब्याला जाऊन वच्छलाबाईंना सांगून आली, की आता थोडंच थांबा. पाटीला रंग कुठला द्यायचा, हेही दोघींचं बोलून झालं.

दिवाळीच्या तोंडावर अर्जुनरावांनी मतदारसंघाच्या विकासासाठी पक्ष बदलला. विकास असा, की सरकारनं त्यांना त्याच महामंडळाचं अध्यक्ष केलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! ज्याच्या विरोधात घसा बसवला होता, त्याचंच गुणगान ते खणखणीत आवाजात करू लागले. औषध कुठलं घेतलं, ते समजलं नाही.

आठवड्याभरात महामंडळानं आमच्या बँकेच्या ठेवीदारांची सभा बोलावली. विषय होता भुकटीच्या प्रकल्पाचं कर्ज. रुपयाला चाराणे भरून घ्यायचे, बाकीचं दुष्काळ म्हणून सोडून द्यायचं, लिलाव रद्द. ठेवीदारांचे पैसे परिस्थिती सुधारल्यावर. आणि याला आमची मंजुरी पाहिजे होती, कारण तसं कलम विरोधी पक्षात असताना खुद्द साहेबांनीच घालून घेतलं होतं!

दानम्माला गावातल्या एका वकिलाच्या बायकोकडून हे कळलं. तिनं नवऱ्याला समोर बसवलं. "उद्या त्रिंबक खोकून खोकून मेला तरी अनुमोदन म्हनायचं न्हाई. उठायचं, आन् 'विरोध' म्हनायचं. जमंल?"

"जमंल की."

"म्हना बरं."

त्याला जमेना. तोंडाला वळणच नव्हतं. त्या संध्याकाळी मी दुकानावरून गेलतो तर हा पेंडीच्या पोत्यांसमोर उभा राहून "विरोध आहे, विरोध आहे" असं पुटपुटत होता. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. साठी ओलांडलेला माणूस एक शब्द शिकत होता.

सभा मांजरसुंब्याच्या मंगल कार्यालयात. गणसंख्येअभावी तहकूब झाली, अर्ध्या तासानं सुरू झाली. बुंदीचा वास सुटला. स्टेजवर अर्जुनराव, आणि त्रिंबक आता महामंडळाचा माणूस झालेला. त्यानं ठराव वाचला. वाचला म्हणजे तोंडातून सांडला. लोक आपापल्या बोलण्यात होते. टँकर कधी येणार, छावणीची बिलं निघाली का. बायकांच्या बाजूला दानम्मा ताठ बसली होती. त्रिंबक खोकला.

रुद्रप्पा उठला. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात काढला नव्हता असा आवाज काढला.

"विरोध आहे!"

"मंजूर, मंजूर!" सगळं कार्यालय ओरडलं.

तो दचकला. दोन्ही हात वर करून ओरडला, "आरं विरोध! विरोध म्हंतोय मी!"

"मंजूर, मंजूर!" या खेपेला जास्त जोरात. बाहेरचे तंबाखूवालेही सामील झाले. आमच्या लोकांनी शब्द कधी ऐकला होता? ते आवाज ओळखत होते, आणि आवाज रुद्रप्पाचा होता. तो बिचारा घसा फोडून विरोध करत होता आणि जितका मोठ्यानं करत होता, तितक्या मोठ्यानं ठराव मंजूर होत होता. मी उठून दोघाचौघांना गदगदा हलवलं, "ऐका की बे, काय म्हनतोय तो!" ते म्हणाले, "झालं की, चला, जेवण सुरू झालं." साहेबांनी स्टेजवरून हात जोडले. त्रिंबकनं जाहीर केलं, "एकमतानं मंजूर." लोक पंगतीकडे पळाले.

रिकाम्या खुर्च्यांमध्ये रुद्रप्पा एकटा उभा होता. त्याचा आवाज बसला होता. दानम्मा उठून त्याच्याजवळ आली. मला वाटलं, शाबासकी देईल. तिनं खुर्ची ओढून त्याला खाली बसवलं आणि सावकाश म्हणाली, "ह्योच शबुद त्या कर्जाच्या टायमाला काढला आसता, तर आज मी माझ्या गाळ्यात बसले आसते."

रुद्रप्पानं तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नीट समजून घेऊन अनुमोदन दिलं. मान खाली घालून, एक शब्द न बोलता.