शेळ्यांची नावं लिहून घेणारे साहेब

परळीजवळच्या ठाण्यात मी नवी शिपाई म्हणून हजर झाले, तेव्हा आदरणीय भानुदासराव तुपसमुद्रे साहेब तिथे ठाणेदार होते. मी कडक सॅल्यूट ठोकला. साहेबांनी मला फिर्यादींच्या बाकावर बसवून ठेवलं आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "इथून आपण कसे दिसतो, कळलं का?" चांगलंच कळलं होतं. तोवर एकानेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

साहेबांचा दंडकच होता: आधी फिर्याद, मग हद्द. आणि फिर्यादी सांगेल तेच लिहायचं, आपली अक्कल पाजळायची नाही.

एका संध्याकाळी गयाबाई आल्या. एकट्या बाई, शेळ्यांवर घर चालायचं, आणि त्याच शेळ्या चोरीला गेल्या होत्या. "समदे म्हनत्यात आमची हद्द न्हाई. उद्या बाजार हाय साहेब. माज्या शेळ्या खाटकाकडं गेल्यावर मी काय करू?"

साहेबांनी त्यांना पाणी दिलं. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी शून्य क्रमांकाने आपल्याकडे नोंदवता येतो. तसा नोंदवायला मला सांगितलं. शेळ्यांचं वर्णन विचारलं, तर गयाबाई नावंच सांगू लागल्या. मैना, राणी, चांदणी. ठाण्यात हशा पिकला. साहेबांनी फक्त नजर फिरवली. "लिहा. मैना आधी."

सकाळी बाजारात शेळ्या सापडल्या. विकणारा ठासून सांगत होता, "माज्या घरच्या हायेत." साहेब शांतपणे म्हणाले, "मग मारा हाक." त्याने नाना आवाज काढले, एकही शेळी हलली नाही. गयाबाईंनी पंचांसमोर "मैने" म्हटलं आणि मैना दावं ओढत त्यांच्या पदराशी आली, मागोमाग बाकीच्या. अख्ख्या बाजाराने टाळ्या वाजवल्या. पुढे कोर्टातही ती फिर्याद टिकली, चोराला शिक्षा झाली. आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती, हे मी अभिमानाने सांगते.

माझी लेक तापाने फणफणली, तेव्हा मला घरी पाठवून माझ्या टेबलाशी साहेब स्वतः बसून फिर्यादी लिहीत होते. हे मला नंतर दुसऱ्यांकडूनच कळलं.

मैनेला बोकड झाला, त्याचं नाव गयाबाईंनी 'साहेब' ठेवलं. गिऱ्हाइकं आली आणि हात हलवत परत गेली. "साहेबाला कुनी बाजार दाखवतं का?" तो बोकड आजही त्यांच्या दारात मजेत आहे.

आमचे साहेब आज साठ वर्षांचे झाले, म्हणून हा सत्कार. त्यांनी ठणठणीत तब्येतीने शंभरी गाठावी, आणि त्याही सत्काराला त्यांना पहिली हाक गयाबाईंनीच मारावी.